चार दुपारींची वाटी

दुसऱ्याची चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा माझा जुना दोष आहे आणि त्याच्याच जोरावर मी आयुष्यभर पोट भरलं. आलेल्या लग्नपत्रिकेत एखादी वेलांटी चुकलेली असली तरी माझा हात पेन्सिलीकडे जातो. नातेवाईक मला पत्र लिहायला घाबरतात, हे मला ठाऊक आहे. पण ज्या चुकीबद्दल मी हे लिहायला बसले आहे ती दुसऱ्या कुणाची नव्हती. ती माझी होती, आणि ती मी गेरूनं केली होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वर्ध्याच्या घरी वडील रोज सूत कातायचे, आमच्याकडे शिवाशिव पाळत नसत आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. थोडा जास्तच होता. आर्वीच्या पलीकडे, मोटारीतून उतरून तास-दीड तास चालत जावं लागे अशा एका गावात मला जनपद सभेच्या शाळेवर नेमलं. दोन खोल्या, वर कवेलू, समोर कडुनिंब. नुकतंच राज्य बदललं होतं, आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. भिंतीवरचा नकाशा मात्र जुनाच होता आणि तोही मी पेन्सिलीनं सुधारून टाकला. गावाला बाई शिकवायला येणं नवीन होतं. पहिले काही दिवस लोक खिडकीतून मला पाहून जात.

शाळेच्या मागे बरड होतं. मुरमाड, उघडी जमीन, वर गवताच्या काड्या आणि बोरीची झुडपं. त्या बरडावर काळ्या दगडांची दोन मोठी रिंगणं होती. गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे गोटे, एकमेकांना खेटून गोल मांडलेले. गाव त्यांना वऱ्हाडाचे गोटे म्हणे. नदीपलीकडून एक वऱ्हाड आलं, जेवणावरून रुसलं, शाप लागला आणि पंगत बसल्या जागी दगड झाली, अशी गोष्ट होती. पुरावाही होता. काही गोट्यांच्या माथ्यावर गोल, गुळगुळीत खळगे होते, अंगठा बुडेल एवढे. त्या वऱ्हाडाच्या कढीच्या वाट्या.

मी आधी या गोष्टीवर वर्गात चांगलंच तोंडसुख घेतलं. मग एका मासिकात वाचलं की आपल्याकडे अशी रिंगणं फार फार जुनी आहेत, त्या काळच्या माणसांनी ती आपल्या मेलेल्यांसाठी रचली. मी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे अंगात शहाणपणा होताच. रोज दुपारच्या सुट्टीत मी बरडावर जाऊ लागले. खळग्यांवर पातळ कागद ठेवायचा, वरून कोळसा घासायचा, की वाट्या कागदावर उतरत. दोन्ही रिंगणांत मिळून त्या चाळीसच्या वर निघाल्या. एका गोट्यावर सात वाट्या होत्या. त्यात मला सप्तर्षी दिसले आणि मी आनंदानं वेडी झाले.

त्याच हिवाळ्यात गावाकडे सडक येत होती. सडकेला गिट्टी लागते, आणि गिट्टी फोडायला आसपासच्या गावांतल्या पंधरा-वीस बाया होत्या. त्यांच्यावर एक मुकादम. नाल्यातले दगड आणायचे, मांडीशी घेऊन हातोडीनं फोडायचे आणि सडकेच्या कडेला ढीग लावायचा. जेवणाच्या सुट्टीत त्या बोरीच्या सावलीला बसत. त्यातली एक रोज बायांपासून उठून रिंगणाकडे येई आणि नेमकी माझ्या सप्तर्षींच्या शेजारच्या गोट्यावर बसून भाकर सोडी. चाळिशीची असेल. उंच, हडकुळी, कपाळावर कुंकू नाही, गोंदण तेवढं होतं. हात असे की आपले हात मागे लपवावेसे वाटत.

मी न राहवून एकदा म्हटलं, "मावशी, त्या दगडावर बसू नको. तो फार जुना आहे."

"जुना हाय म्हनून तं बसली," ती म्हणाली. "नवा दगड टोचते."

मला राग आला आणि हसूही आलं. मग तिनं विचारलं की बाई रोज इथं कोळसा घासून काय करून राह्यल्या. मी तिला सप्तर्षी समजावून सांगितले, अगदी फळ्यावर सांगावेत तसे. तिनं भाकरीचा तुकडा फडक्यात ठेवला, हात पदराला पुसले आणि त्या सातही वाट्यांत एकेक करून बोट फिरवलं. घाई नाही. काठावरून आत, आतून काठावर.

"तारे असतीन," ती म्हणाली. "मले नाई समजत ते. पन हे एका मानसाचं काम नाई."

"कशावरून?"

"हे पाच एकाचे. तो इथं बसला होता, माह्यासारखा, मावळतीकडं पाठ करून. घाव उजवीकडून आले. हे दोन दुसऱ्याचे. काठ उलट्या अंगानं झिजला पाहा. तो डावखोरा होता." मग शेवटच्या, उथळ वाटीशी तिचं बोट थांबलं. "आन इथं कपची उडाली. म्हनून अर्ध्यात सोडून देलं. मीबी सोडून देली असती."

मी त्या गोट्यांवर महिनाभर कोळसा घासत होते. माझ्या कागदावर वाट्या होत्या, तिच्या बोटाखाली माणसं निघाली. मी तिला ओढत ओढत दुसऱ्या रिंगणाकडे नेलं, परीक्षा घ्यावी तसं प्रत्येक गोट्यापाशी उभं केलं. तिनं डावखोऱ्याची अजून एक जागा शोधून दाखवली. एका वाटीपाशी म्हणाली, इथला हात हलका होता, घाव बारीक पण लय. म्हातारा असेल किंवा बाई. लोखंडाची खूण तिला कुठेच सापडली नाही. लोखंडाचा घाव धारदार राहतो, हा दगडानं दगड ठेचला आहे आणि मग ओली वाळू घालून घोटला आहे, असं तिनं सांगितलं. त्या दिवशी मी शाळेत उशिरा परतले आणि मुलांना न ओरडता धडा शिकवला.

तरी माझा स्वभाव. दुसऱ्या दिवशी मी हटकलंच. "लोखंडाशिवाय एवढा काळा दगड खोदता येईल का कुणाला?"

तिच्या ढिगात एक गोटा होता, चिवट, घणालाही न जुमानणारा, म्हणून बाजूला टाकलेला. तो तिनं बायांच्या मदतीनं सावलीत ढकलत आणला. नाल्यातून मुठीएवढी पांढरी गारगोटी आणली. आणि भाकर खाऊन झाल्यावर ती त्या गोट्यापुढे बसली, मावळतीकडे पाठ करून, आणि ठेचू लागली. टक, टक, टक. पहिल्या दुपारी नुसता पांढरट डाग पडला. दुसऱ्या दुपारी नखाएवढी खोली आली. तिसऱ्या दुपारी गारगोटी फुटली, तिनं दुसरी आणली. बाकीच्या बाया आधी तिला हसत होत्या. मग एकेक जण पाच-दहा घाव घालून पाहू लागली आणि मनगट चोळत उठू लागली. मीही घातले. माझी गारगोटी निसटून माझ्याच बोटावर बसली, ते त्या सगळ्यांना फार आवडलं.

चौथ्या दुपारी तिनं ओली वाळू घालून वाटी घोटली आणि लोट्यातलं पाणी त्यात ओतलं. कुठून झिरपतं का ते पाहिलं.

"चार दुपारी," ती म्हणाली. "आता मोजा, बाई, तुमच्या त्या वाट्या. आन पानी प्या."

मी वाकून त्या वाटीतलं घोटभर पाणी प्यायले. तिच्या लोट्यातलं पाणी मी सगळ्यांसमोर प्यायले याची मला दिवसभर फुशारकी वाटत होती. तिनं आदल्याच्या आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, हे तिनं मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. आपण दोघी एकाच बाजूच्या, असं मला वाटलं होतं.

मग तिनंच वाईट बातमी आणली. नाल्यातला दगड लांब पडतो, सडक तर बरडापाशी आली; तेव्हा संक्रांत झाली की वऱ्हाडाचे गोटे फोडायचे, असं मुकादमानं ठरवलं होतं. तिनं नाही म्हटलं तर तिचं काम जाणार आणि गोटे दुसरी कुणी फोडणार.

मी तहसीलला अर्ज लिहिला. अक्षर असं काढलं की अर्ज चौकटीत लावावा. उत्तर आलं की मंगळवारी एक साहेब सडक पाहायला येतील, तेव्हा त्यांना दगड दाखवा. आता साहेब म्हणजे जीपमधून येणार, खाली उतरले तर उतरणार. उन्हाच्या वेळी त्या वाट्या चार हातांवरूनही दिसत नाहीत. मी डोकं चालवलं. घरात भिंतीला पट्टे ओढायला आणलेला गेरू होता. सोमवारी शाळा सुटल्यावर मी तो वाटीत कालवला आणि सगळ्या खळग्यांत बोटानं भरला. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. काळ्या दगडावर तांबडे टिळे असे काही उठून दिसले की मी स्वतःवरच खूश झाले.

मंगळवारी साहेब आलेच नाहीत. पण सकाळीच शेण गोळा करायला गावातली एक म्हातारी बरडावर गेली. गावात तिच्या शब्दाला मान होता. मी शाळा उघडायला पोचले तेव्हा सात वाट्यांच्या गोट्यापुढे नारळ फुटलेला होता, हळदकुंकू होतं आणि वीसेक माणसं हात जोडून उभी होती. वऱ्हाडाचा शाप उतरला, गोट्यांत देव आला, असं म्हातारी सांगत होती. थोड्या वेळानं मुकादम आला. त्यानं पाहिलं, चपला काढल्या, कान पकडले आणि बायांना नाल्याकडे पिटाळलं.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसले. माझ्या दोन बोटांच्या गेरूनं ते काम केलं होतं जे माझ्या सुवाच्य अर्जानं झालं नसतं. मी नाचायचंच काय ते बाकी होतं.

देव एकदा आला की त्याचा संसार वाढायला वेळ लागत नाही. कुणी तेलात कालवून शेंदूर आणला आणि सातही वाट्यांवर थापला. मग शेजारच्या गोट्यांवर. मग झेंडा लागला. गुरं येऊ नयेत म्हणून रिंगणाभोवती बाभळीच्या काट्या टाकल्या आणि आत जायला एक वाट ठेवली. आठ-दहा दिवसांत हे सगळं झालं. मी रोज खिडकीतून पाहत होते आणि मनात म्हणत होते, असू दे, फुटण्यापेक्षा बरं.

एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मावशी तिच्या गोट्यावर नाही. बोरीखालीही नाही. ती सडकेच्या कडेला, गिट्टीच्या ढिगापाशी उन्हात बसून भाकर खात होती. मी तिथे गेले आणि विचारलं, "सावली सोडून इथं काऊन बसली?" एव्हाना मीही तिच्यासारखं बोलू लागले होते.

तिनं उरलेली भाकर फडक्यात बांधली. मग म्हणाली, "तो गेरू तुमचा होता ना?"

मी बोटं पदरात लपवली.

"तुमच्या नखात दिसून राह्यला होता. त्याच दिवशी दिसला मले." तिनं पाणी पिऊन लोटा खाली ठेवला. "काल मी गेली होती बसाले. तठी गावातल्या बाया उभ्या होत्या, त्या म्हने, दूर रा. देवाले तुहा हात लागन. बाई, मी त्या गोट्यावर दोन महिने बसली. माहा हात नाई का लागला त्याले? तुमी काऊन असं केलं?"

"पण मावशी, दगड वाचले ना."

"दगड वाचले. वाट्या दाखवा मले. कुठं हायेत?" शेंदराखाली त्या पार बुजल्या होत्या. "मी घरचे देव नदीत सोडून आली. आन तुमी मले उघड्या बरडावर नवा करून ठेवला. आता तो त्याईचा. कालपर्यंत तो सगळ्याईचा होता."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही चढवला असता. मला फार लाज वाटली. तिच्या हातचं पाणी प्यायले म्हणून शेफारणारी मी, आणि त्याच हातांना ज्या एका दगडावर कुणी अडवत नव्हतं तिथून मीच हुसकावून लावलं होतं. तेही चांगलं काम केल्याच्या आनंदात. दोन दिवस मी वर्गात सगळ्यांवर उगाच ओरडत होते.

रविवारी सकाळी बरडावर माणसं जमली होती. मी बादली, जवसाचं तेल, जुन्या लुगड्याचे बोळे आणि कोळशानं उतरवलेले सगळे कागद घेऊन गेले. म्हातारीसमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं की हा देव नाही, हा माझ्या घरचा गेरू आहे, मी लावला, साहेबांना दिसावा म्हणून. मला वाटलं होतं की गाव मला हाकलून देईल. त्याची मी तयारी केली होती.

म्हातारी माझ्याकडे मायेनं पाहून म्हणाली, "असू दे, बाई. देव कोनाच्याबी हातानं प्रगट होते. तुमाले त्यानं बुद्धी देली."

मी कागद दाखवले. लोकांनी कागदांनाही हात जोडले.

तेवढ्यात काट्यांच्या वाटेतून मावशी आत आली. मागे गिट्टीच्या सात-आठ बाया, आणि त्यांनी एक गोटा ढकलत आणलेला. तोच, चार दुपारींचा. कुणी तरी "ए, ए, थांब" म्हणालं. ती थांबली नाही, भांडलीही नाही. गोटा म्हातारीच्या पायापाशी आणून तिनं म्हटलं, "मावशे, हात घालून पाहा."

म्हातारीनं बोट घातलं.

"हे मी केलं. या बायाईनं पाह्यलं. चार दुपारी लागल्या. आता तिकडची पाहा." मग तिनं माझ्या हातातला बोळा घेतला, तेलात बुडवला आणि म्हातारीला दिला. स्वतः पुसला नाही. म्हातारीनं इकडंतिकडं पाहिलं, आणि मला आजही नवल वाटतं, तिनं एका वाटीतला शेंदूर पुसला. आत बोट घातलं. पुन्हा मावशीच्या वाटीत घातलं. जात्याच्या खुंट्यावर जन्म गेलेली बाई ती, दगडाची झीज तिला कुणी शिकवायला नको होती.

"मानसाचंच हाय हे," ती सावकाश म्हणाली.

"मंग? मानसाचं हाय म्हनून काय कमी हाय? एवढ्या वाट्याईले किती दुपारी लागल्या असतीन? कोन बसलं असन इथं? माहीच कोनी असन, नाईतं तुही."

पुरुषांत कुजबुज झाली. दोघे-तिघे तावातावानं पुढं आले, पण म्हातारी तिथं बसलेली होती आणि बोळा तिच्या हातात होता. शेवटी तिनंच तोड काढली. कडेचा एक गोटा देवाला ठेवायचा, कारण एकदा आलेल्याला ऊठ म्हणणं तिला जमणार नव्हतं. बाकीचे पुसायचे, काट्या काढायच्या आणि कुणी कुणाला अडवायचं नाही.

"तुमचा देव तुमच्याजवळ ठेवा," मावशी म्हणाली. "माही बसाची जागा मले द्या."

शेंदूर निघायला पुढचे दोन आठवडे लागले. जवसाचं तेल लावायचं, उन्हात मऊ होऊ द्यायचं, बाभळीच्या काटकीनं हळूहळू उकलायचं. मी घाईनं चाकू घेतला तर तिनं तो काढून घेतला. चाकूची रेघ राहील आणि पुढे कुणाला ती डावखोऱ्याची वाटेल, म्हणाली. त्या डावखोऱ्याची ती घरच्या माणसासारखी काळजी घेई. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. दगडाला इतकं जपून हात लावणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

मुकादम मात्र वाटच पाहत होता. देव उठला हे कळताच एका सकाळी बाया यायच्या आत त्यानं दोन गडी घेऊन दुसऱ्या रिंगणावर घण चालवला. आम्ही पोचलो तोवर सात गोटे गेले होते. त्यात डावखोऱ्याची दुसरी जागा होती. मावशी गिट्टीच्या ढिगात बसून तुकडे उलटत राहिली आणि अर्धी वाटी असलेली एक कपची तिनं शोधून काढली. ती हातात धरून ती रडली. मीही रडले. मग तिनं हातोडी खाली ठेवली, आणि तिच्या मागोमाग सगळ्या बायांनी ठेवल्या. या दगडाची गिट्टी आम्ही फोडणार नाही, नाल्यातून वाहून आणू, म्हणाल्या. लांबून वाहायचं म्हणजे दिवसाचा ढीग अर्ध्यावर येणार हे त्यांना माहीत होतं. मुकादमानं आरडाओरडा केला, दोन दिवस काम बंद ठेवलं, मग निमूटपणे नाल्याकडे गेला. मावशीला त्यानं काढून टाकलं. ती तूर सोंगायला जाऊ लागली.

जायच्या आधी बायांनी मिळून तिचा गोटा दुसऱ्या रिंगणाच्या खिंडारात बसवला. खाली तिनं ती अर्धी कपची ठेवली आणि मुरूम दाबला. मी म्हटलं, "मावशी, हे बरोबर नाही. नवा दगड जुन्यात." माझी सवय.

"पोकळ दिसते," ती म्हणाली. "आन मोडलं कुठं, ते समजलं पायजे ना कोनाले."

पुढे माझी बदली झाली. बदल्या होत होत मी आर्वीला मुख्याध्यापिका झाले. मधल्या काळात मावशी गेली, हे मला फार उशिरा कळलं. मग एकदा एक तरुण संशोधक माझा पत्ता शोधत आला. बरडावरच्या वाट्यांच्या जुन्या नकला एका शिक्षिकेजवळ आहेत असं त्याला कुणी सांगितलं होतं. मी त्याच्याबरोबर जीपनं गेले. देवाच्या गोट्यावर टिनाचं छप्पर आलं होतं. बाकी रिंगण होतं तसंच होतं, वाट्यांत पावसाची माती. पोरगा हुशार होता. एकेक वाटी मोजून, पट्टी लावून वहीत लिहीत होता. माझ्या कोळशाच्या कागदांवरून त्यानं फुटलेल्या दोन वाट्याही नोंदवल्या, त्याबद्दल मला तो आवडला.

दुसऱ्या रिंगणात तो खिंडारातल्या गोट्यापाशी बसला आणि त्याचा चेहरा उजळला. "ही पाहा, बाई. सगळ्यांत रेखीव. हिच्यावरून ते कसं करत असतील याची कल्पना येते."

"ती माझ्या ओळखीच्या बाईनं केली आहे," मी म्हटलं. "चार दुपारींत. मी समोर होते."

त्याचा चेहरा पडला. त्यानं वही उघडली आणि ती ओळ खोडायला लागला. माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, जसं शाळेत घेत असे. म्हटलं, खोडायचं नाही. शेजारी लिही की ही नवी आहे. कशानं केली ते लिही, किती वेळ लागला ते लिही, खाली काय ठेवलं आहे ते लिही. आणि कुणी केली तेही लिही.

तो हसला, पण पेन परत घेऊन लिहू लागला. शेवटी त्यानं नाव विचारलं.

या लेखात मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. विचारायला आता त्यातलं कुणी उरलेलं नाही, आणि न विचारता घेणं मला आवडत नाही. पण त्या वहीत ओळीनं सगळ्या वाट्यांपुढे करणारा अज्ञात असं लिहिलं आहे आणि एकीपुढे नाव आहे. त्यानं त्या नावातली वेलांटी पहिली काढली होती. मी वही मागून घेतली आणि ती दुसरी केली.